हाडाची घोडी

मुबीनने पहिली तार छेडली आणि स्टुडिओच्या काचेपलीकडे बसलेल्या रणदिवे मॅडमनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"पुन्हा वाजवा," हेडफोनमधून त्यांचा आवाज आला.

मुबीनने पुन्हा वाजवली. स्वच्छ, सरळ, कोरडा आवाज. दुकानातल्या कुठल्याही गिटारीतून निघेल असा.

"तुम्ही गिटार बदललीत का?"

"नाही मॅडम, तीच आहे."

"मग कॅसेटमधला तो आवाज कुठे गेला? ती झिणझिण?"

मुबीन उत्तर द्यायचं सोडून गिटारीवर वाकला. तारा जिथे खाली टेकतात तिथे हाडाची एक चपटी पट्टी असते, तिला घोडी म्हणतात. त्याने तारांखालून बोट सरकवून त्या घोडीवरून फिरवलं, एकदा इकडून, एकदा तिकडून. मग तो सरळ उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला होता.

"घासलीय," तो म्हणाला. "कुणीतरी घोडी घासलीय."

"उंदरानं कुरतडली असंल," ड्रमच्या मागून आशीर्वाद म्हणाला, पण त्याचं त्यालाही हसू आलं नाही.

मी बास गिटारची एक खुंटी उगीचच पिळत उभा होतो. घोडी कुणी घासली आणि कुणी घासायला लावली, हे त्या गार खोलीत फक्त मला माहीत होतं.

ही गोष्ट २००१ सालची. आम्ही तिघे एकवीस वर्षांचे, मिरजेचे. मी सुकुमार मगदूम, बास वाजवायचो. आशीर्वाद लोंढे ड्रमवर. मुबीन सतारमेकर गिटार वाजवायचा आणि गायचा, म्हणजे खरं तर सगळं तोच करायचा आणि आम्ही त्याच्या मागून धावायचो. बँडचं नाव ‘पेव’. आमच्याकडे हळद साठवायला जमिनीत खोल खड्डा घेतात, ते पेव. माझ्या वडिलांचा हळदीचा व्यापार, त्यामुळे सरावाला गोदाम फुकट मिळालं होतं. ड्रमवर टिपरी पडली की पिवळा धुरळा उडायचा. आशीर्वादची आई दवाखान्यात नर्स होती. त्याला असा पिवळा होऊन दारात आलेला बघितलं की ती म्हणायची, "गाणं शिकताय का रोज लग्न लागतंय तुमचं?"

आमची दोस्ती आठवीतली. कार्यानुभवाच्या तासाला प्रत्येकाने काहीतरी बनवून आणायचं होतं. मी बाजारातून पुठ्ठ्याचं घर विकत आणून स्वतःचं म्हणून दाखवलं आणि मला दहापैकी नऊ मिळाले. मुबीनने फुटक्या भोपळ्याला दांडा लावून तीन तारांचं काहीतरी आणलं होतं. सरांनी विचारलं, "याचा उपयोग काय?" मुबीनने ते वाजवलं. मागच्या बाकावरून आशीर्वादने बाकावर ठेका धरला. सरांनी दोघांना वर्गाबाहेर काढलं आणि मुबीनला चार गुण दिले. मी पाणी प्यायला जातो म्हणून बाहेर पडलो आणि त्यांच्याजवळ जाऊन बसलो. तो तास संपेपर्यंत मी आत गेलो नाही.

मुबीनचं घराणं सतारी आणि तंबोरे बनवणारं. त्याचे वडील दस्तगीरचाचा जवारी करायचे. तंबोरा छेडला की जो गुंजणारा, भरलेला आवाज येतो, तो फुकटात येत नाही. घोडीचा माथा कानशीने घासून इतका हलका उतरता करायचा की तार कंपताना तिला जेमतेम शिवत राहील. ती खुली जवारी. जास्त घासली, उतार मोडला, की तार मोकळी सुटते, गुंजन जातं, आवाज साफ होतो. ती बंद जवारी. बंद करणं सोपं. बंद झालेलं हाड पुन्हा खुलत नाही, नवं बसवावं लागतं.

शाळा सुटली की आम्ही तिघे चाचांच्या कारखान्यात जाऊन बसायचो. जवारी चालू असताना तिथे कुणी बोलायचं नाही. पंखासुद्धा बंद. एकदा एक म्हातारे गवई तंबोरा घेऊन आले. त्यांच्या कुठल्या शिष्याने घोडीला पॉलिशपेपर मारून तिची पार वाट लावली होती. चाचांनी नुसता तंबोरा घेतला, "परवा न्या" म्हणाले. ते गेल्यावर मी विचारलं, "चाचा, कुणी केलं हे, विचारलंपण नाही तुम्ही?"

"आमच्यात विचारत नाहीत, बेटा. वाद्य कुणी बिघडवलं ते विचारलं की माणसाला लाज वाटती, मग तो पुन्हा येत नाही. आपण नीट करून द्यायचं."

मला हे तेव्हा फार भाबडं वाटलं होतं.

मुबीनला हवी होती तशी इलेक्ट्रिक गिटार विकत घेण्याची त्याच्या घरची ऐपत नव्हती. दहावीच्या सुट्टीत चाचांनीच ती बनवली. सतारीला वापरतात ते तूनचं लाकूड, एका मोडक्या गिटारीतून काढलेली विजेची मांडणी, आणि घोडी मात्र सतारीसारखी रुंद, उंटाच्या हाडाची. त्यांना दुसरी येतच नव्हती. मुबीनने ती अँप्लिफायरला जोडली आणि पहिल्यांदा वाजवली तेव्हा गोदामात पोती थरथरली. रॉकसारखा दणका आणि त्याच्या पोटात तंबोरा. आशीर्वाद ओरडला, "आयला, हे काय हाय!" मुबीन खुळ्यासारखा हसत होता.

मला ते आवडलं नव्हतं. आज सांगायला हरकत नाही. माझ्याकडे पुण्याहून आणलेली काळी चकचकीत बास होती, माझ्याकडे परदेशी बँडच्या कॅसेटी होत्या, आणि त्यातली एकही गिटार अशी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी गुणगुणत नव्हती. कोल्हापूरला एका कॉलेजच्या गॅदरिंगला आम्ही वाजवलं तेव्हा गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "तंबोरा आला रे! भजन सुरू करा!" अख्खं मैदान हसलं. मुबीनही हसला, त्याने लगेच दोन ओळी भजनाच्या चालीत म्हणून दाखवल्या आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र घामाने भिजलो. आठ दिवस घराबाहेर पडायला नको वाटत होतं.

तेव्हापासून माझी भुणभुण सुरू झाली. "मुबीन, घोडी बदल की."

"का?"

"लोक हसतात."

"हसू दे की. ऐकतात पण."

त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. तो भांडायचाच नाही.

आशीर्वादने आम्हाला न विचारता आमची कॅसेट मुंबईच्या एका कंपनीला पाठवली होती. सहा महिन्यांनी रणदिवे मॅडमचा फोन आला, गोदामातल्या फोनवर, आणि तो मी उचलला. "गाणी आवडली. दोन दिवस स्टुडिओत येऊन वाजवून दाखवा. जमलं तर तिथेच करार करू." काय आवडलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. माझ्या डोक्यात एकच: आता मुंबईच्या लोकांसमोर जायचं, आणि त्यांच्यासमोर ही गिटार गुणगुणणार. आपण खेडवळ ठरणार.

घरी सांगायला मुबीन गेला तेव्हा मी सोबत होतो. चाचांनी कानस खाली ठेवली नाही.

"कारखान्यात कोण बसणार?"

"अब्बा, दोन दिवसांचं काम आहे."

"दोन दिवसांचं नसतं ते. मला कळत नाही होय?" त्यांचा आवाज चढला. "माझी नजर गेली, माझा हात हलायला लागला. माझ्यानंतर ही कानस कोण धरणार? जा. पण गेलास तर तुझ्या त्या घोडीला मी पुन्हा हात लावणार नाही, सांगून ठेवतो."

 बाहेर आल्यावर त्याने एका दगडाला लाथ मारली, एवढंच.

निघायच्या आदल्या दिवशी मुबीन नव्या तारा आणायला कोल्हापूरला गेला. गिटार कारखान्यात होती. मी सकाळी दहाला तिथे गेलो. चाचा एकटेच होते.

"चाचा, मुबीनचा एक निरोप आहे. जवारी बंद करून ठेवा म्हणाला. मुंबईत साफ आवाज लागतो."

चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मुबीन म्हणाला?"

"हो. तुम्हाला सांगायला त्याला जड जातंय. तुम्ही परवा बोललात ना, हात लावणार नाही म्हणून. म्हणून मला पाठवलं."

खोटं मी इतकं सहज बोललो की मलाच नवल वाटलं. चाचांनी गिटार मांडीवर घेतली. त्यांनी अंगठ्याने एकच तार छेडली, ती पूर्ण विझेपर्यंत ऐकली.

"हे हाड पुन्हा खुलणार नाही, सुकुमार. सांगितलंयस त्याला?"

"त्याला माहीत आहे."

"बरं." त्यांनी उठून पंखा बंद केला. "त्यानं मागितलंय म्हणजे केलं पाहिजे."

मी कानशीचा आवाज सुरू व्हायच्या आत बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी मुबीन घाईत कारखान्यात आला आणि गिटारीची पेटी उचलून स्टेशनवर आला. गाडीत मी विचारलं, "तारा?"

"हव्या तशा मिळाल्या नाहीत. या जुन्याच बऱ्या आहेत. अब्बांनी पेटी हातात दिली, ‘झालंय तुझं काम’ म्हणाले. पुसून ठेवली असणार. बोलले तरी एक वाक्य."

त्या एका वाक्याचा अर्थ त्याला स्टुडिओत कळला. त्याला कळला तो चुकीचा कळला.

"अब्बांनी केलं," मुबीन म्हणाला. आम्ही स्टुडिओच्या बाहेरच्या जिन्यात उभे होतो. "हात लावणार नाही म्हणाले, आणि असा लावला. मी जाऊ नये म्हणून."

"चाचा असं करणार नाहीत," आशीर्वाद म्हणाला.

"मग कोण करणार? तो उतार कुणी मोडला ते मला बोटाला कळतं रे. दुसऱ्या कुणाचा हातच नाही तो."

मी म्हणालो, "अरे, पण साफ आवाजसुद्धा..."

"साफ?" तो माझ्याकडे वळला. "त्यांना काय हवंय ऐकलं नाहीस?"

ऐकलं होतं. आत मॅडम आम्हाला स्पष्ट म्हणाल्या होत्या, "साफ वाजवणारी पोरं माझ्याकडे या गल्लीत पन्नास आहेत. तुमच्या कॅसेटवर ती गिटार गुंजते, म्हणून मी तुम्हाला बोलावलं. उद्या चारपर्यंत स्टुडिओ तुमचा. त्यानंतर दुसरे लोक येणार. तो आवाज आणा, नाहीतर परत जा."

ज्या आवाजाची मला लाज वाटत होती तोच त्यांना हवा होता.  मी तीन वेळा जिना उतरलो आणि चढलो. आशीर्वादने विचारलं, "तुला काय झालंय? लघवी लागलीय का?"

"चाचांना फोन करतो," मी म्हणालो.

"करू नको," मुबीन म्हणाला. "माझ्या नावानं तर अजिबात करू नको."

मी गल्लीच्या टोकाला जाऊन फोन लावला. दुपारचे दोन वाजले असतील. बूथमध्ये पंखा नव्हता आणि रिसीव्हरला कुणाच्या तरी पावडरचा वास येत होता. चाचांनीच उचलला.

"चाचा, सुकुमार. ते... घोडी पुन्हा खुली पाहिजे. इथल्या लोकांना तोच आवाज पाहिजे होता."

पलीकडे कानस खाली ठेवल्याचा आवाज आला. 

"मुबीनला दे फोन."

"तो इथं नाही. वर आहे. तो चिडलाय तुमच्यावर."

"माझ्यावर?"

 एक रिकामी रिक्षा माझ्यासमोर थांबली, गेली. चाचांना समजायला तेवढा वेळ पुरला.

"सुकुमार. त्यानं निरोप दिला नव्हता, होय ना?"

"नव्हता, चाचा."

 मग ते इतक्या साध्या आवाजात बोलले की मी आजही तो आवाज विसरू शकत नाही. "तारा उतरवून ठेवा. घोडीला कुणी कानस लावू नका, दुसऱ्या कुणाकडं नेऊ नका. माझ्याकडं जुनं हाड आहे, वीस वर्षं वाळलेलं. रात्रीच्या गाडीनं निघतो."

ते सकाळी साडेआठला स्टुडिओत पोचले. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, खांद्याला कापडी पिशवी. चपला दारात काढून ते आत आले. रेकॉर्डिंग करणारा माणूस म्हणाला, "बाबा, चपला घाला, चालतं." चाचा म्हणाले, "राहू दे, इथं वाजवतात ना."

मुबीन खुर्चीतून उठला नाही. चाचांनी त्याच्याकडे बघितलं आणि मग गिटारीकडे गेले. मॅडम तोपर्यंत आल्या होत्या.

"हे काय झालं होतं नेमकं?" त्यांनी विचारलं.

 आता ते माझ्याकडे बोट दाखवतील. दाखवायलाच हवं होतं.

"हाड चांगलं नव्हतं," चाचा म्हणाले. "निवड माझी चुकली."

"पण घासलंत तुम्हीच ना?" मुबीन खुर्चीतून म्हणाला. वडिलांशी तो असा कधीच बोलत नसे.

"हो. मीच. दुसऱ्या कुणाचा हात नाही."

ते खोटं बोलले नव्हते. हात त्यांचाच होता.

त्यांनी जमिनीवर पंचा पसरला, आणलेलं हाड आणि कानशी ओळीने मांडल्या आणि म्हणाले, "ते गार करायचं मशीन बंद करा. त्याचा आवाज आहे."

"कुठाय आवाज?" रेकॉर्डिंगवाला म्हणाला.

"आहे."

एसी बंद झाला. तिथून पुढचे पाच तास आम्ही सगळे त्या बंद खोलीत घामाघूम होऊन बसलो आणि कुणी एक शब्द बोललं नाही. चाचा घासायचे, तार चढवायचे, छेडायचे, कान लाकडाला लावून ऐकायचे, तार उतरवायचे, पुन्हा घासायचे. सहा तारा. त्यांचा उजवा हात थरथरायचा, मग ते डाव्या हाताने मनगट घट्ट धरायचे आणि पुन्हा सुरू करायचे. मॅडमनी दोनदा घड्याळ बघितलं. आशीर्वाद भिंतीला टेकून डोळे मिटून बसला होता. मुबीन मात्र त्या थरथरणाऱ्या हातावरची नजर काढत नव्हता. मला वाटलं तो उठेल, जाऊन ते मनगट धरेल. त्याने खुर्चीचा हात आवळून धरला होता.

चौथ्या तारेला चाचांचा चष्मा घामाने घसरला. मी उठून रुमाल पुढे केला. त्यांनी तो घेतला, चष्मा पुसला, परत दिला. माझ्याकडे बघितलं नाही.

पावणेदोनला ते म्हणाले, "मुबीन, वाजव."

मुबीनने गिटार गळ्यात घातली. पहिल्या छेडीला ती खोली भरून आली. आधीपेक्षा खोल, आधीपेक्षा गडद. काचेपलीकडे मॅडमनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि हसल्या. आम्ही दोन तासांत तीन गाणी वाजवली, एकही दुसऱ्यांदा वाजवावं लागलं नाही. मी आयुष्यात इतकी बरी बास पुन्हा कधी वाजवली नाही. मला फक्त वाजवत राहायचं होतं, कारण थांबलो की बोलावं लागलं असतं.

चारला दहा मिनिटं कमी असताना मॅडम कागद घेऊन आल्या. करारावर तिघांनी सह्या केल्या. मग त्यांनी दुसरा कागद काढला. "कॅसेटवर छापायची नावं सांगा. गाणं आणि गिटार, मुबीन सतारमेकर. ड्रम, आशीर्वाद लोंढे. बास, सुकुमार मगदूम. आणि हे मला हवंच आहे: गिटार आणि जवारी, दस्तगीर सतारमेकर. बरोबर?"

चाचा दारापाशी पंच्यात कानशी गुंडाळत होते. त्यांचे हात थांबले. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी थोरामोठ्यांच्या तंबोऱ्यांना आवाज दिला होता आणि कुठल्याही वेष्टणावर त्यांचं नाव कधी छापलं गेलं नव्हतं.

"ते नाव नको," मुबीन म्हणाला.

"का? सगळा आवाज त्यांचाच..."

"त्यांनी मोडलं, त्यांनी जोडलं. फिट्टंफाट झाली. नको."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. आशीर्वादनेही बघितलं, बँडच्या वतीने बोलायचं काम नेहमी माझंच असायचं. पेन माझ्याच हातात होतं. एक वाक्य बोलायचं होतं. मी कागदावरची तीन नावं पुन्हा वाचली, स्पेलिंग तपासतोय असं दाखवलं आणि म्हणालो, "ठीक आहे."

चाचांना सोडायला मी लिफ्टपर्यंत गेलो. "चाचा, मी सांगतो त्याला. आत्ता जाऊन सांगतो."

"सह्या झाल्या?"

"झाल्या."

"मी काही सांगणार नाही. आमच्यात सांगत नाहीत." त्यांनी पिशवी खांद्यावर नीट केली. "तुझं तू बघ, बेटा."

लिफ्ट आली. मी परत आत गेलो तेव्हा आशीर्वाद पेढे आणायला निघाला होता आणि मुबीन गिटार पुसत होता. मी त्याच्या शेजारी बसलो. सांगितलं नाही. उद्या सांगू, कॅसेट येऊ दे मग सांगू, दौरा संपू दे मग सांगू. सांगू म्हणता म्हणता चार कॅसेटी झाल्या.

‘पेव’ चांगला चालला, अकरा वर्षं. पहिल्या कॅसेटवरचं गाणं गणपतीत, गॅदरिंगला, एसटी कॅन्टीनमध्ये, सगळीकडे वाजलं. मुलाखतीत हमखास विचारायचे, हा आवाज कसा सापडला? मुबीन हसत हसत सांगायचा, "आमच्या अब्बांनी मी मुंबईला जाऊ नये म्हणून गिटार बिघडवली होती, ती नीट करताना हा आवाज निघाला." लोक हसायचे. शेजारी बसलेला मीही हसायचो. किती वेळा हसलो असेन, पन्नास, साठ. मिरजेला तो ईदलाही हॉटेलात उतरायचा.

मग बँड थांबला. आशीर्वाद दुबईला गेला, मी हळदीत परत आलो. चाचांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा मुबीन घरी परतला आणि परतला तो तिथेच राहिला. शेवटची चार वर्षं त्याने त्यांचं सगळं केलं. चाचांना बोलता येत नव्हतं. तो त्यांच्यासमोर बसून जवारी करायचा, चुकली की ते डावा हात उचलायचे. मी भेटायला जायचो. एकदा त्या डाव्या हाताने त्यांनी माझा हात धरून ठेवला, बराच वेळ. मी तरीही सांगितलं नाही. २०१६ साली ते गेले.

गेल्या वर्षी कंपनीतून एका मुलीचा फोन आला. पहिली कॅसेट आता मोठ्या काळ्या तबकडीवर काढणार होते, हौशी लोक घेतात म्हणे. "सर, नावांची यादी पुन्हा तपासून पाठवाल का?"

मी यादी छापून घेतली आणि कारखान्यात गेलो. सकाळची वेळ, पंखा बंद. मुबीन खाली बसून घोडी घासत होता, दाढी पिकलेली, चष्मा चाचांसारखाच नाकावर घसरलेला. त्याचं होईपर्यंत मी गप्प बसलो. मग यादी पुढे केली आणि सगळं सांगितलं. निरोप, फोन, लिफ्ट. थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं, म्हणून एका दमात सांगितलं.

त्याने कानस खाली ठेवली.

"मी मागितलं असं तू सांगितलंस."

"हो."

"त्यांना माहीत होतं ना, हे हाड पुन्हा खुलणार नाही?"

"मला तेच म्हणाले."

"हात लावणार नाही म्हणाले होते. तरी लावला." त्याने चष्मा काढला. "मी मागितलं म्हणून. आपल्याच हातानं. आणि म्हणाले, ‘झालंय तुझं काम.’ सुकू, मी पेटी उचलली आणि मागं वळूनसुद्धा बघितलं नाही."

"मुबीन..."

"अकरा वर्षं मी सगळ्या महाराष्ट्राला हसवलं त्यांच्यावर. तू शेजारी बसलेला असायचास."

मी मान हलवली. तो उठला, पंखा लावला आणि मला दार दाखवलं. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

चार दिवसांनी यादी टपालाने घरी आली. त्याच्या अक्षरात. गाणं, मुबीन सतारमेकर. ड्रम, आशीर्वाद लोंढे. गिटार आणि जवारी, दस्तगीर सतारमेकर. यातलं चाचांचं नाव यादीत सगळ्यांत वर, मोठ्या अक्षरात. खाली बास, आणि त्यापुढे रिकामी जागा.

मी ती तशीच कंपनीला पाठवली. दुसऱ्या दिवशी त्या मुलीचा फोन आला.

"सर, बास कुणी वाजवलीय ते लिहायचं राहिलंय."

"राहिलेलं नाही," मी म्हणालो. "तसंच छापा."